काटा हलला नाही, पण शिलाई आत गेली

"मॅडम, नऊ आठवडे झाले. आणि उतरलं किती? आठशे ग्रॅम!"

बसायच्या आधीच त्या हे बोलल्या आणि बसल्यावर डोळ्यांना पदर लावला. या ताई साताऱ्यात शिवणकाम करतात. वय 47, उंची पाच फूट. नाव सांगत नाही, पण त्यांची गोष्ट त्यांना विचारूनच लिहिते आहे. कारण त्यांचा प्रश्न माझ्यासमोर आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. "व्यायाम करते, जिभेवर ताबा ठेवते, तरी वजन जागचं हलत नाही. माझंच काही चुकतंय का?"

ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा वजन 67 किलो होतं. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 6.1. अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. डॉक्टरांनी "वजन कमी करा" एवढंच सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नाआधी त्यांनी ते करूनही दाखवलं होतं. रात्रीचं जेवण बंद, दिवसभर काकडी आणि लिंबूपाणी. अडीच महिन्यांत 68 वरून 59. लग्नाच्या फोटोत सगळ्यांनी कौतुक केलं. पण वर्षभरात सगळं वजन परत आलं, आणि वर एक नवीन तक्रार घेऊन आलं. मशीनवरून उठताना टेबलाचा आधार लागायला लागला.

ही तक्रार मला वजनापेक्षा जास्त महत्त्वाची वाटली. उपाशी राहून जे नऊ किलो जातात ते सगळे चरबीचे नसतात. व्यायाम नसेल आणि पोटात प्रथिनं कमी जात असतील, तर त्यातला साधारण चौथा हिस्सा स्नायूंसारख्या कामाच्या मांसाचा असू शकतो. वजन परत येतं तेव्हा मात्र बहुतेक चरबीच परत येते. म्हणजे काट्यावर जवळपास तेवढंच, पण आतला माल बदललेला. त्यात चाळिशीनंतर स्नायू आपसूकही झिजतात, आणि पाळी जायच्या वयात बाईची चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते.

म्हणून आम्ही वजनाच्या मागे न लागता ताकदीच्या मागे लागलो. हात छातीवर दुमडून खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. याला बारा किंवा जास्त सेकंद लागले तर पायांतली ताकद कमी झाली आहे असं समजतात. ताईंना 15 लागले. मग घरच्या घरी करता येईल असंच ठरवलं. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, पाच लिटरचा पाण्याचा कॅन उचलून ठेवणं, दिवसाआड. बाकीच्या दिवशी चालणं.

जेवणात भाकरी-भाजी होती, वरण मात्र पातळ, पळीभर. वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं घ्यावीत असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये सांगितलं आहे. ताईंना त्या हिशेबाने साधारण 56 ग्रॅम हवीत, मिळत होती जेमतेम 35. सोमवार, गुरुवार, शनिवार अंडं चालत नाही. मग त्या दिवशी मटकीची उसळ, दही, सोयाबीनच्या वड्या. इतर दिवशी दोन अंडी. वरण घट्ट. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. ताईंचे रिपोर्ट आधी पाहिले होते.

आणि आता नऊ आठवड्यांनी आठशे ग्रॅम. "माझी जाऊबाई महिन्यात पाच किलो उतरली," त्या म्हणाल्या.

मी त्यांना विचारलं, "ताई, अंगावरचा ब्लाऊज कधीचा?"

"हा? जुनाच."

"मग आतून बघू या ना."

दार लावून घेतलं. त्यांनी बाजूची शिवण उलटून दाखवली. शिवणकाम करणारी बाई स्वतःच्या ब्लाऊजला आत भरपूर मार्जिन सोडते. तिथे उसवलेल्या टाक्यांच्या फिकट रेघा दिसत होत्या, एकीच्या बाहेर एक. अंग वाढत गेलं तशी शिलाई कडेकडेला सरकत गेली होती. पण सध्याची शिलाई कडेला नव्हतीच. ती एक रेघ आत होती, ताज्या गडद दोऱ्याची.

"ही कधी घातलीत?"

"मागच्या आठवड्यात. सैल होत होता म्हणून..." आणि त्या थांबल्या. गळ्यातली टेप त्यांनी आपणहून काढली आणि नाभीपाशी कमरेला लावली. सुरुवातीला 37 इंच होती, आता साडेपस्तीस. दुसऱ्यांची मापं घेण्यात जन्म गेलेल्या बाईने स्वतःचं माप नऊ आठवड्यांत एकदाही घेतलं नव्हतं. रोज सकाळी काट्यावर मात्र उभी राहत होती.

मग आम्ही निवांत बोललो. किलो कशाचाही असो, किलोच. पण चरबीचा किलो जागा जास्त घेतो. तो साधारण 1.1 लिटर भरतो, स्नायूचा किलो लिटरपेक्षा थोडा कमी. ताईंची चरबी आमच्या मशीनवर अंदाजे दीड किलोने कमी दिसत होती आणि उरलेलं वजन जवळपास पाऊण किलोने वाढलेलं. काट्याने या दोन्हींची वजाबाकी करून फक्त आठशे ग्रॅम सांगितले. हे मशीन अंगातून अगदी सौम्य वीज सोडतं. स्नायूत पाणी असल्याने त्यातून ती सहज जाते, चरबी तिला अडवते. त्यावरून ते हिशेब मांडतं. त्यामुळे पाणी कमी-जास्त प्यालं, जेवून आलं, पाळी जवळ असली की आकडा बदलतो. म्हणून नुसता तो आकडा मी कधीच धरत नाही. टेप आणि खुर्चीही त्याच्याबरोबर तेच सांगत असतील तरच. ताईंना त्या दिवशी पाच उठबशांना साडेदहा सेकंद लागले.

इथे एक गैरसमज आवर्जून खोडावासा वाटतो. स्नायू वाढले की बसल्या बसल्या भरमसाट कॅलरी जळतात असं सांगितलं जातं. तसं नाही. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला साधारण 13 कॅलरी खर्च करतो. चार शेंगदाण्यांची गोष्ट. स्नायूंचं मोल वेगळंच आहे. जेवल्यावर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणावर तेच उचलून साठवतात. ते कमी झाले, आळसावले, की साखर रक्तातच फिरत राहते. आणि पोटात अवयवांभोवती साचलेली चरबी यकृतात स्निग्धाम्लं सोडत राहते, इन्सुलिनला दाद मिळेनाशी होते. साखरेच्या उंबरठ्यावरच्या बाईसाठी कमरेवरचा दीड इंच म्हणूनच मोठा आहे.

त्यांना मी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. केईएम रुग्णालयातल्या या डॉक्टरांनी आणि लंडनच्या डॉ. यडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी यडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपल्याकडची माणसं दिसायला बारीक असूनही आतून चरबीची असतात, हे त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येही दाखवलं आहे. म्हणून तर आपल्यासाठी कमरेची मर्यादा बायकांना 80 आणि पुरुषांना 90 सेंटिमीटर धरतात.

ताई ऐकता ऐकता दाराकडे बघायला लागल्या. "मॅडम, मग आमच्या ह्यांना बोलावू का आत?"

बाहेर बाकावर त्यांचे यजमान बसले होते. अंगाने किडमिडीत, वजन 58 किलो, सराफाच्या दुकानात दिवसभर गादीवर बसून हिशेब लिहिणारे. घरात सगळे म्हणायचे, यांनी कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. त्यामुळे तूप, फरसाण, चहाबरोबरचे बटर सगळं त्यांच्या पुढ्यात, आणि पथ्य ताईंना. ताईंनीच त्यांच्या शर्टावरून टेप फिरवली. 38 इंच, म्हणजे साडेशहाण्णव सेंटिमीटर. अंगी लागत होतं, फक्त पोटाला. हात दुमडून पाच वेळा उठायला 17 सेकंद लागले, आणि शेवटच्या वेळी हात नकळत गुडघ्यावर गेला. ते ओशाळले. मी म्हटलं, दादा, यात लाजण्यासारखं काही नाही, पण उद्या सकाळी रक्त तपासून घ्या.

एचबीएवनसी 7.2 आला, म्हणजे उंबरठा ओलांडून मधुमेहात. त्यांची कधी तपासणीच झाली नव्हती, कारण त्यांना कुणी "वजन कमी करा" म्हटलंच नव्हतं. मी त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवलं, गोळी सुरू झाली. व्यायाम वाढवताना डॉक्टरांना कळवत राहायचं, हेही बजावलं. त्यांचं वजन मात्र मला उतरवायचं नाही, उलट पायांत आणि पाठीत दोन किलो भरले तर हवेच आहेत.

ताईंनी घरातला काटा माळ्यावर टाकला आहे. महिन्यातून एकदा काढतात. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत शेवटचं पान दोघांचं केलंय. छाती, मुंढा, दंडघेर असले रकाने खोडून फक्त कंबर आणि सेकंद. रात्री दुकानाचं शटर खाली ओढलं की दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या समोरासमोर मांडतात आणि उठबशा काढतात. गेल्या महिन्यातली नोंद त्यांनी मला फोनवर वाचून दाखवली. यजमान 14 सेकंदांवर, ताई 9 वर. वजन त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.