डोंगरउतारावर घर बांधलंत, आता वणव्याचं बघा

आग चढावर झपाट्याने वर येते. म्हणून घराच्या खालच्या अंगाचं गवत आधी काढा, तिथला मोकळा पट्टा वरच्यापेक्षा रुंद ठेवा. दिवाळीनंतर, गवत पुरतं वाळायच्या आत कापा. शिमग्यापर्यंत थांबू नका. पण घरं बहुतेकदा ज्वाळेने नाही, वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. कौलांच्या फटींत, पन्हळीत साठलेला पातेरा ठिणगी लगेच धरतो, तो दर आठवड्याला झाडून काढा. लाकूडफाटा नि पेंढ्याची उडवी भिंतीला लागून रचू नका. आमची पडवी तशीच गेली, अजून जीव तुटतो. माळ्याच्या झरोक्यांना धातूची बारीक जाळी लावा, प्लास्टिकची वितळते. आणि उन्हाळ्यात कचरा जाळूच नका, कळकळीने सांगतो.