घर रोज स्वच्छ ठेवूनही स्वयंपाकघरात बारीक झुरळं का होतात? ती शोधायची कशी आणि पुन्हा होऊ नयेत म्हणून काय करायचं?

'घर रोज स्वच्छ ठेवूनही' हे तुम्ही प्रश्नातच लिहिलंत, म्हणजे कोणीतरी टोमणा मारलेला दिसतोय. नाहीतर झुरळांबद्दल विचारताना आधी स्वतःच्या स्वच्छतेची ग्वाही कोण देतं?

तर आधी तेच मिटवून टाकू. बारीक, फिक्कट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन गडद उभ्या रेघा, लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर, हे जर्मन झुरळ. ते घाणीतून उपजत नाही, ते कुठून तरी आणलं जातं. रानावनात ते सापडतच नाही. माणसाने बांधलेल्या छपराबाहेर त्याला स्वतःचं असं घरच नाही. म्हणजे तुमच्याकडे आलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून किंवा गोदामातून. पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून, जुन्या यंत्रात बसून, नाहीतर सामाईक भिंतीतल्या पाइपाशेजारच्या फटीतून चालत. गटारातून येतं ते मोठं, लालसर, साडेतीन-चार सेंटिमीटरचं. ते प्रकरण वेगळं.

हे मी इतकं ठासून सांगतेय त्याला कारण माझ्या थोरल्या जाऊबाई.

त्यांचं घर चकाचक असतं, मान्य आहे. एकदा सगळे आमच्याकडे जमलेले असताना ओट्यावरून एक झुरळ गेलं. नेमकं तेव्हाच. जाऊबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "रोज रात्री ओटा कोरडा केला ना, की होत नाहीत गं ही." मी रोज रात्री ओटा कोरडाच करत होते. सिंकमध्ये खरकटं भांडं ठेवून मी आजवर झोपलेली नाही. पण अशा वेळी बोलणार काय? बोललं की सारवासारव केल्यासारखं वाटतं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत आणि त्यांचं ते न बोलणंच मला जास्त लागलं.

मग मी हात धुऊन मागेच लागले. शोधायचं कसं ते तुम्ही विचारलंय, तर मी केलं ते असं.

रात्री सगळे दिवे घालवून तासा-दोन तासांनी एकदम टॉर्च घेऊन आत जायचं. मारायला चप्पल उचलायची नाही. ती पळतात कुठे, तेवढंच बघायचं. झुरळ घाबरलं की आपल्या बिळाकडे पळतं, ती दिशा लक्षात ठेवायची. दुसऱ्या दिवशी उजेडात तिथले ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून खालची बाजू बघायची, कपाटाच्या बिजागऱ्या बघायच्या, फ्रीजच्या दाराच्या रबराची घडी उलटून बघायची. पेनाचं टोक ठिकठिकाणी टेकवल्यासारखे काळे बारीक ठिपके दिसले की ती त्यांची विष्ठा. ते नुसते ठिपके नसतात, त्यांच्या वासावर बाकीची झुरळं तिथे गोळा होतात. म्हणून ते दिसतील तिथे साबणाच्या पाण्याने घासून काढायचे. सोबत पातळ, पोकळ काती असतात. वस्ती मोठी असेल तर बंद कपाट उघडल्यावर तेलकट कोंदट वास येतो. एकदा तो वास आला की विसरता येत नाही.

आणि चिकट सापळे. हे मारण्यासाठी नाहीत, मोजण्यासाठी आहेत. मोकळ्या जागेत ठेवून उपयोग नाही, कारण झुरळ अंगाला काहीतरी टेकवून चालतं. भिंत आणि जमीन जुळते त्या कोपऱ्याला लावून ठेवायचे, प्रत्येकावर जागा आणि तारीख लिहायची. ज्या सापळ्यात बारीक पिल्लं जास्त सापडतील, त्याच्या आसपास वस्ती. पिल्लं लांब जात नाहीत. नुसती एक-दोन मोठी सापडली तर ती वाट चुकलेली असू शकतात.

माझ्याकडे सिंकखालचे सापळे जवळजवळ कोरे निघाले. कचऱ्याच्या डब्याजवळचाही. मायक्रोवेव्हमागचा मात्र भरलेला, आणि त्यात बहुतेक पिल्लंच. तरी माझा विश्वास बसेना, कारण मायक्रोवेव्ह आतून लख्ख होता. मग एका रात्री अंधारात उभी होते तेव्हा दिसलं. मायक्रोवेव्हच्या घड्याळाचे हिरवे आकडे पेटलेले होते आणि त्यावरून एक पिल्लू चाललं होतं. काचेवरून नव्हे, काचेच्या मागून. काळी आकृती एकेक आकडा झाकत पुढे सरकत होती. दोन ठिपक्यांपाशी थांबली, मिशा हलवल्या आणि पॅनलच्या आत गेली. मी काचेवर बोट आपटलं तशी आणखी दोन बाहेर आली.

यंत्राच्या आत ऊब असते, अंधार असतो, अरुंद फटी असतात. फ्रीजची मोटर, पाण्याच्या फिल्टरचा डबा, स्विचबोर्डचं झाकण, भिंतीवरचं घड्याळ, सगळीकडे हीच गोष्ट. तुम्ही ओटा कितीही पुसा, मायक्रोवेव्हचं पॅनल काही रोज कोणी उघडून पुसत नाही.

आणि आता ऐका. तो मायक्रोवेव्ह जाऊबाईंकडून आलेला होता. त्यांनी नवीन घेतला तेव्हा "चांगला चालतोय, टाकायचा कशाला" म्हणून आमच्याकडे धाडला होता. मी त्यांना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे तर एकही नाही." नसणारच. सगळं बिऱ्हाडच डब्यात भरून आमच्याकडे पाठवलं होतं. ते मी तेव्हा बोलले नाही, इथे लिहितेय.

आमचे हे या सगळ्यात काय करत होते? फवारत होते. फवारणीचा डबा हातात घेतला की पुरुषांना काय होतं कोण जाणे. रात्री फुसफुस करून सकाळी उताणी पडलेली मोजायची आणि मला बोलावून दाखवायची. "ही बघ, मेलीत ना?" मेलीत की. पण मेली ती बाहेर फिरणारी. फटीतल्या वस्तीपर्यंत तो फवारा पोचतच नाही. उलट त्या औषधांनी झुरळं बिथरतात, विखुरतात, आणि स्वयंपाकघरातली झोपायच्या खोलीत जातात. आमच्याकडे कपड्यांच्या कपाटात पहिलं झुरळ दिसलं ते ह्यांच्या पराक्रमानंतरच. शिवाय जर्मन झुरळांच्या कित्येक पिढ्यांनी ही नेहमीची औषधं पचवलेली आहेत आणि अंड्यांच्या कुपीत तर फवारा शिरत नाही. एका कुपीत तीस-चाळीस अंडी. मादी ती कुपी पिल्लं बाहेर यायच्या बेतात येईपर्यंत पोटाला धरून हिंडते.

पुढे ह्यांनी घरभर धूर सोडणारा डबा आणायचं काढलं. मी सरळ नको म्हटलं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी असे धुराचे डबे खऱ्या घरांत वापरून बघितले होते, २०१९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. झुरळं कमी झाली नाहीत, औषध मात्र घरातल्या पृष्ठभागांवर पसरून राहिलं. त्याच अभ्यासात जेल, म्हणजे झुरळांनी खावं असं विषारी आमिष, लावलेल्या घरांमधली झुरळं कमी झाली. एवढं सांगितल्यावरही हे म्हणाले, "आपल्याकडची वेगळी असतील." फवारणीचा डबाही मी कुलपात ठेवला.

मायक्रोवेव्ह जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड चिकटपट्टीने पक्कं बंद करून भंगारात काढला, वर 'झुरळं आहेत' असं ठळक लिहून. "वहिनींना परत देऊ या का?" असं ह्यांनी हसत विचारलं. मी हसले नाही.

बाकीच्यांसाठी जेल. हीच खरी गोष्ट, आणि लोक इथेच माती खातात. मोठा गोळा लावायचा नाही. तांदळाच्या दाण्याएवढे थेंब, पण पुष्कळ, आणि वस्तीच्या तोंडाशी: बिजागरीच्या आत, ड्रॉवरच्या रुळामागे, ओट्याच्या कडेखाली, पाइप भिंतीत शिरतो तिथे. झुरळ ते खाऊन लगेच मरत नाही, बिळात जाऊन मरतं. पिल्लं त्याची विष्ठा खातात, बाकीची प्रेतं खातात, आणि विष पुढे सरकतं. जेलच्या आसपास फवारायचं नाही आणि फिनेलने पुसायचं नाही, नाहीतर ती जेलला तोंड लावणार नाहीत. आमच्याकडे या एका वाक्यावरून किती भांडणं झाली असतील! जेल सुकलं की नवीन लावायचं.

आधी चाललेलं जेल नंतर चालेनासं झालं तर दुसऱ्या औषधाचं, दुसऱ्या कंपनीचं आणा. हे माझं डोकं नाही. काही झुरळं विषारी आमिषातल्या ग्लुकोजलाच तोंड लावत नाहीत, हे १९९३ मध्ये नोंदवलं गेलं, आणि २०१३ मध्ये त्याचं कारण कळलं: त्यांच्या जिभेला, म्हणजे जीभ असती तर, ग्लुकोज कडू लागतं. गोड आमिषाला भुलणारी मेली, न भुलणारी उरली, त्यांची पोरंबाळं तशीच झाली.

धीर धरा. अंडं ते प्रौढ व्हायला साधारण दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत एकही दिसेना म्हणून जेल बंद केलंत तर कुपीतली बाहेर येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. निदान तीन-चार महिने सापळे ठेवा आणि आकडा बघत राहा.

पुन्हा होऊ नयेत म्हणून मुख्य गोष्ट पाणी. अन्न-पाणी दोन्ही नसेल तर हे झुरळ साधारण दोन आठवडे काढतं, पण पाणी असेल तर उपाशीपोटी महिनाभराहून जास्त जगतं. म्हणून सिंकखालचा पाझरणारा नट, पाइपावर जमणारा दव, फ्रीजमागचा पाणी साचणारा ट्रे, हे बघा. ओटा कोरडा ठेवणं चूक नाही, ठेवाच. आजूबाजूला खरकटं नसलं की ती जेलवर लवकर येतात. पण पाणी जिथे असतं तिथे कोणाचं फडकं पोचत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते मी आजही कोणासमोरही म्हणेन.

फटी बुजवा. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की मोठं अमेरिकन झुरळसुद्धा, म्हणजे गटारातलं ते लालसर, अंग चपटं करून तीन मिलिमीटरच्या फटीतून निघून जातं, तर बारक्याची काय कथा. पाइपांभोवती सिलिकॉन भरा, टाइल आणि ओट्यामधल्या भेगा पांढऱ्या सिमेंटने लिंपा. पुठ्ठ्याची खोकी घरात साठवू नका. आणि कुणाचंही जुनं यंत्र घरात घेण्याआधी मागचं झाकण, रबर, पॅनल टॉर्चने तपासा. कुणाचंही म्हणजे कुणाचंही. नात्यातल्या माणसाचं असेल तर दोनदा.

मोठी लाल झुरळं मोरीतून येतात. तिथे बारीक जाळी बसवा, आणि वापरात नसलेल्या जाळीत मधूनमधून तांब्याभर पाणी ओता, कारण खालच्या वाकातलं पाणी सुकलं की गटाराची वाट मोकळी होते. एवढं केलंत की त्यांचा प्रश्न बराचसा मिटतो.

आवाजाची यंत्रं भिंतीत लावून काही होत नाही. झुरळांच्या खडूने रेघा ओढणं म्हणजे फवारणीचंच धाकटं भावंड, त्यात पोरांच्या हाताला लागतं ते वेगळंच. बोरिक पावडर चालते, पण अगदी पातळ भुरभुरायची आणि जागा कोरडी हवी. ढीग घातला तर झुरळं वळसा घालून जातात.

आता आधीच सांगायला हवं होतं ते. रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर जेल आणि बोरिक त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशाच जागी. घरात कोणाला दमा असेल तर झाडूने ठिपके आणि काती उडवू नका, ओल्या कापडाने पुसून घ्या. झुरळांच्या विष्ठेची आणि कातीची अॅलर्जी दमा वाढवते. आणि भर दिवसा झुरळं उघड्यावर फिरत असतील तर वस्ती दाटली आहे, घरच्या घरी निभणार नाही. पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा. आल्यावर आधी विचारा, जेल लावणार की फवारणार, आणि पुन्हा बघायला कधी येणार. 'एकदा मारलं की वर्षभर बघायला नको' असं म्हणाले तर दुसरे शोधा. शेजारच्या घरातून येत असतील तर तुम्ही एकट्याने कितीही केलंत तरी पुरणार नाही, सामाईक भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेल लागायला हवं. शेजारणीला ते कसं पटवायचं, हे मात्र मला विचारू नका, माझं घरातच अजून पटायचं राहिलंय.