जुन्या पिकअपसाठी बॅटरी निवडताना

प्रश्न : माझी जुनी डिझेल पिकअप रोज पहाटे चोइथराम मंडीत भाजी घेऊन जाते. हिवाळ्यात सेल्फ जड फिरतो. दुकानदार मोठी बॅटरी बसवा म्हणतात. ऐकावे का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : आधी मल्टिमीटर लावून पाहावे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आकडा १२.२ च्या आसपास असेल, तर ती जेमतेम निम्मी भरलेली आहे असे समजावे. मग इंजिन चालू करून मोजावे. साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत नसतील, तर दोष अल्टरनेटरमध्ये (इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्रात), त्याच्या पट्ट्यात किंवा वायरिंगमध्ये असण्याचा संभव अधिक, आणि तो तसाच ठेवून घातलेली नवी बॅटरीही लवकरच उतरेल. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर साचला असेल, तर केबल सोडवून तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने साफ करावा. कित्येकदा दुखणे एवढेच असते.

बदलणे भागच असेल, तर ॲम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवणक्षमता, गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावेत. थोडे अधिक चालतात, मात्र बॅटरी ट्रेमध्ये घट्ट बसली पाहिजे. डिझेल इंजिनाचे कॉम्प्रेशन जास्त असल्यामुळे सेल्फला क्षणभर शेकडो ॲम्पिअर लागतात. म्हणून कोल्ड क्रँकिंगचा आकडा (थंडीत इंजिन फिरवायला बॅटरी किती ॲम्पिअर देऊ शकते तो) पुस्तिकेपेक्षा कमी नसणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. धन टर्मिनल कोणत्या बाजूला आहे तेही पाहावे, नाहीतर केबल पोहोचत नाही. बॅटरी खरी झिजते ती आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हाने. थंडी ती झीज फक्त उघडी पाडते. उत्पादनाचा महिना ताजा असल्याची खात्री करावी आणि जुनी बॅटरी दुकानातच परत द्यावी.