उडती साइड किक उंच का जात नाही?
तायक्वांदोतली योप चागी, म्हणजे साइड किक, जमिनीवर छान बसते, पण उडी मारून केली की पाय कंबरेच्या वर जात नाही, असं तुम्ही विचारलंय. बहुतेकदा कमी पडते ती ताकद नव्हे, गुडघ्याची उचल. उजव्याने मारायची तर डाव्या पायावर उडा आणि उडतानाच उजवा गुडघा छातीकडे खेचा. तोच अंगाला वर नेतो. लाथ सुटावी उडीच्या माथ्यावर, त्याआधी नाही. त्या क्षणी डावा पाय लोंबकळू देऊ नका, आवळून घ्या. पावलाची बाहेरची कड पुढे, बोटं किंचित खाली. सुरुवातीला धाव तीनच पावलांची ठेवा. आणि उतरायचं चवड्यांवर, गुडघे वाकवून. ताठ पायाने उतरून मी गुडघा दुखावून घेतलाय, म्हणून कळकळीने सांगतो: मॅट नसेल तर ही किक करूच नका.