गॅस गिझर बाथरूमच्या आत नको, भिंतीच्या बाहेर लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यात शाहूपुरीत घराचं काम काढलंय. ५ बाय ७ फुटांच्या बाथरूममध्ये ६ लिटरचा गॅस गिझर लावायचाय. धूर बाहेर नेणारा पाईप नाही. काचपट्ट्यांची एक छोटी खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन आहे, आणि दुकानदार म्हणतो, "एवढं पुष्कळ झालं." मग व्हेंटिलेशन नक्की किती लागतं? शिवाय पाचगणीच्या होमस्टेमध्ये खोल्या उबदार ठेवायला बिनधुराड्याचा गॅस हीटर चालेल का, हेही तुम्ही विचारलंय.

मी सातारा, वाई, मेढा या पट्ट्यात प्लंबिंग आणि गिझरची कामं करतो. पहिल्या प्रश्नावर माझं सरळ मत सांगतो: किती व्हेंटिलेशन ठेवायचं याचा हिशोब करत बसण्यापेक्षा गिझर बाहेर काढा. बाथरूममध्ये गरम पाणी हवंय, ज्योत नकोय. पूर्वी बंब परसात किंवा अंगणात पेटायचा आणि पाणी बादलीने न्हाणीत यायचं. जाळ आत घ्यायची टूम या भिंतीवरच्या डब्यानं काढली, कारण तो दिसायला सुटसुटीत असतो आणि त्यातून लाकडासारखा डोळे चुरचुरणारा धूर येत नाही.

आता दुकानदाराचं "पुष्कळ" मोजून बघू. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर, धुराबरोबर वाया जाणारी धरून, साधारण १२ ते १३ किलोवॅट उष्णता लागते, म्हणजे तासाला जवळजवळ १ किलो गॅस. १ किलो एलपीजी नीट जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. तुमची बाथरूम ९ फूट उंच धरली तरी ३१५ घनफूट, म्हणजे ९ घनमीटरच भरते. शॉवरखाली कुणी १५ मिनिटं उभं राहिलं तर पाव किलो गॅस जळतो आणि त्या खोलीतल्या एक तृतीयांशाहून जास्त हवेतला ऑक्सिजन संपतो. दारं-खिडक्या पक्क्या बंद धरल्या तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १३-१४ टक्क्यांवर येईल. प्रत्यक्षात फटींमधून थोडी हवा येत राहते, त्यामुळे तो इतका उतरत नाही. पण तितकं उतरायची गरजही नसते. ऑक्सिजन १८-१९ टक्क्यांच्या खाली जायला लागला की ज्योत विझत नाही, ती अर्धवट जळायला लागते. कार्बन मोनॉक्साईड तयार होतो तो इथे.

हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो आणि ज्योतीत गॅसबरोबर तोही जळून जातो. त्यामुळे "वास येत नाही, म्हणजे सगळं ठीक" हा हिशोब गळतीला लागू पडतो, या वायूला नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साईडला २०० पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. कडी हाताच्या अंतरावर असते, पण तिथवर हात पोचत नाही. म्हणून गिझर कुठेही असो, बाथरूमला बाहेरून उघडता येईल अशीच कडी लावा. घरात मुलं आणि म्हातारी माणसं असतात तिथे ती एरवीही उपयोगी पडते.

अशा अपघातात पहिला आंघोळ करणारा सहसा सुटतो, हेही ध्यानात घ्या. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला घरातली सगळी माणसं पहाटे एकामागून एक आत जातात, गिझर जवळजवळ अखंड चालू राहतो आणि मधल्या वेळात दार मिनिटभरही उघडं राहत नाही. तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत आतली हवा बिघडलेली असते. आधीचे तिघे ठणठणीत बाहेर आलेले असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

एक्झॉस्ट फॅनबद्दल लोकांचा समज सगळ्यात चुकीचा आहे. पंखा हवा बाहेर फेकतो, ती आणत नाही. आत यायला वाट नसेल तर तो नुसता फिरतो. आणि डिसेंबरात आपण काय करतो? गारठा येतो म्हणून काचपट्ट्यांमध्ये पुठ्ठा अडकवतो, दाराखालच्या फटीला पायपुसणं लावतो. खिडकी बंद ठेवणार असल्याचं तुम्ही स्वतःच लिहिलंय. गिझरला धुराचा पाईप असता तर प्रकार आणखी वाईट झाला असता: बंद खोलीत जोरदार एक्झॉस्ट चालला की तो त्याच पाईपमधून हवा उलटी ओढतो, म्हणजे बाहेर जाणारा धूर परत आत.

बाहेर लावायचा तर कुठे? बाथरूमच्या मागच्या भिंतीला मोकळी जागा असेल तर तिथेच लावा, वर पत्र्याची छोटी पडवी करा. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. वारा थेट ज्योतीवर येणार नाही अशी बाजू निवडा आणि गिझर कुठल्याही खिडकीच्या खाली येऊ देऊ नका, नाहीतर धूर शेजारच्या खोलीत शिरतो. ड्राय बाल्कनी चालते, पण ती खरोखर उघडी असेल तरच. हल्ली बाल्कनीला सरकत्या काचा लावून ती बंद करतात. तशी केली की ती बाल्कनी राहत नाही, ती बाथरूमइतकीच खोली होते. फ्लॅटमध्ये पाईपांची उभी डक्ट असते, तिच्यात गिझर टांगायचा विचारही नको. त्या डक्टवर वरच्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. जिन्याखालची कोंदट जागा आणि बंद कपाट, दोन्ही नकोत.

"पाईप लांब झाला की गरम पाणी यायला वेळ लागतो," ही तक्रार मला नेहमी ऐकू येते. अर्धा इंची सीपीव्हीसी पाईपच्या ५ मीटरमध्ये साधारण अर्धा-पाऊण लिटर पाणी मावतं. म्हणजे तांब्याभर गार पाणी आधी सोडायचं, संपलं. पाईपला फोमचं आवरण घाला. टाकी गच्चीवर फार खाली असेल तर मात्र दाब कमी पडून गिझर पेटत नाही. फरशा बसवायच्या आधीच तो दाब तपासून घ्या, नंतर भिंत फोडावी लागते.

सिलिंडर उभा, बाहेर, आणि गटाराच्या झाकणापासून दूर ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि चेंबरमध्ये उतरतो. नारंगी सुरक्षा पाईप दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून आरपार नेलेला नको आणि ५ वर्षांनी बदललेला हवा. भिंत ओलांडायचीच असेल तर तांब्याची नळी वापरा. स्वयंपाकाच्या शेगडीच्या पाईपला मध्येच टी मारून गिझरला गॅस द्यायचा उद्योग कुणी सुचवला तर त्याला नमस्कार करून वाटेला लावा. जोड साबणाच्या पाण्याने तपासा. गिझरवर आयएसआयची खूण आणि आयएस १५५५८ हा क्रमांक बघून घ्या.

बाहेर जागाच नाही, भाड्याचं घर आहे, गिझर आधीपासून आत आहे, अशीही अडचण असते. तिथे मी दाराच्या खालच्या भागात एक आणि छताजवळ बाहेरच्या भिंतीत एक, अशा दोन कायम उघड्या जाळ्या सांगतो. दोन्ही १० बाय १० इंचांच्या, झडप नसलेल्या. तरीही एक शिस्त हवीच: दार उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, मग आत जायचं. २० लिटरची बादली साडेतीन मिनिटांत भरते. शॉवर विसरायचा. काही गिझर २० मिनिटांनी आपोआप बंद होतात. त्या सोयीवर विसंबू नका, वरचा १५ मिनिटांचा हिशोब तुम्ही वाचलाच आहे.

दसऱ्याच्या आसपास वर्षातून एकदा गिझर उघडून साफ करून घ्या. वरच्या तांब्याच्या पट्ट्यांत काजळी साचते, बर्नरच्या छिद्रांत जाळं धरतं, बोअरचं जड पाणी असेल तर आत क्षार बसतात. धुराची वाट अडली की ज्योत निळ्याची पिवळी होते. पिवळी दिसली तर गिझर त्याच दिवशी बंद करा. उलट, ज्योत निळी आहे म्हणून खोलीतली हवा चांगली आहे असं मात्र होत नाही. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म घेणार असाल तर ईएन ५०२९१ हा युरोपियन मानकाचा क्रमांक लिहिलेला घ्या आणि बाथरूमच्या वाफेत न लावता बाहेरच्या पॅसेजमध्ये लावा.

कुणी आत पडलेलं सापडलं तर आधी दार-खिडकी उघडा, श्वास रोखून माणसाला मोकळ्या हवेत ओढा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. नुसत्या गळतीसाठी १९०६ आहे. करोनानंतर घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, तो इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला वेगळं ओळखता येत नाही, त्यामुळे माणूस गुदमरलेला असताना तो ९८ दाखवू शकतो. डॉक्टरांना "गॅस गिझर चालू होता" हे वाक्य पहिल्यांदा सांगा. ते सांगितलं नाही तर आंघोळीत आलेली फिट मिरगीची समजली जाते, हे मेंदूविकारतज्ज्ञांनी आपल्याकडच्या रुग्णांवरून लिहून ठेवलंय. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास जातात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास.

आता पाचगणी. बिनधुराड्याचे गॅस रूम हीटर अमेरिकेत बरेच वापरले जातात, आणि तिथल्या नियमांवरून तुमच्या दोन्ही प्रश्नांचा अंदाज येतो. तिथे उष्णता बीटीयू या एककात मोजतात आणि ताशी १,००० बीटीयूमागे किमान ५० घनफूट खोली धरतात. बेडरूममध्ये असा हीटर ताशी १०,००० बीटीयूपर्यंत आणि बाथरूममध्ये ६,००० पर्यंतच चालतो. तोही भिंतीला पक्का केलेला, आणि ऑक्सिजन १८ टक्क्यांवर आला की स्वतःहून बंद होणारा. तुमचा गिझर ताशी ४१,००० बीटीयूच्या पुढचा आहे. ब्रिटनमध्ये १९९८ पासूनच्या नियमांप्रमाणे आंघोळीच्या खोलीत नवं गॅस उपकरण बसवायचं तर ते बाहेरची हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारं, खोलीशी संबंध नसलेलंच लागतं. मग शाहूपुरीतला दुकानदार कशाच्या जोरावर "पुष्कळ झालं" म्हणतो, हे त्यालाच विचारा.

चाकांचा, मागे सिलिंडर बसणारा हीटर साधारण ४.२ किलोवॅटचा असतो, म्हणजे ताशी १४,००० बीटीयूच्या वर. १० बाय १२ च्या खोलीत घनफुटांचा हिशोब जमेल, पण झोपायच्या खोलीची मर्यादा त्याने ओलांडलेली असते. शिवाय पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा चौदा-एक टक्के कमी. असा हीटर तासाला अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपात खोलीत सोडतो, तेही वेगळं. तिथल्या भिंती आधीच पावसाळ्यातली ओल धरून असतात. पाहुणे अनोळखी असतात, रात्री खिडकी लावून, हीटर चालू ठेवून झोपतात. तुम्ही दारावर कितीही सूचना चिकटवा. कोळशाची शेगडी खोलीत ठेवायचा सल्ला वेण्णा लेकला दवबिंदू गोठल्याची बातमी आली की दरवर्षी कुणीतरी देतंच. ती गॅसच्या हीटरपेक्षाही घातक आहे, कारण विझत आलेला निखारा रात्रभर हाच वायू सोडत राहतो.

होमस्टेला तेल भरलेले विजेचे रेडिएटर घ्या, खोलीमागे २ किलोवॅटचा एक. जुन्या बंगल्यांत खोल्यांना ६ अँपिअरचेच सॉकेट असतात, त्यात तो लावू नका. प्रत्येक खोलीला १६ अँपिअरची वेगळी लाईन ओढा, एमसीबी बसवा आणि सगळ्या खोल्या एकदम भरल्या तर किती लोड लागेल तेवढा मीटरवर मंजूर करून घ्या. वायरमनला हंगामाआधी बोलवा, नाताळाच्या आठवड्यात वर कुणीही मिळत नाही.