गोव्यात सुपरमार्केटमधली स्वस्त दारू किमान दराच्या कायद्याने आवरता येईल का?
हो, येईल. दारू राज्यसूचीत असल्याने पर्वरीच्या विधानसभेलाच तसा कायदा करता येतो. एमआरपीने भागत नाही, ती कमाल किंमत. किमान दर हा बाटलीवर नाही, आतल्या शुद्ध अल्कोहोलवर बांधायचा. स्कॉटलंडने २०१८ मध्ये १० मिली शुद्ध अल्कोहोलला ५० पेन्स ठरवले, २०२४ मध्ये ६५ केले. म्हणजे ४० टक्क्यांची ७०० मिलीची बाटली १८.२० पौंडांखाली विकता येत नाही. तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू अंदाजे १३ टक्क्यांनी घटले. मात्र ज्यांना दारूवाचून राहवतच नाही, त्यांच्यावर फारसा परिणाम नाही. काहींनी जेवणातच काटकसर केली. शिवाय वाढीव पैसा दुकानदाराच्या गल्ल्यात जातो. सरकारी तिजोरीत हवा असेल तर सरळ अबकारी कर वाढवा.