वाचकांचे प्रश्न : आत्यांची खोली रिकामी करताना

प्रश्न : आमच्या आत्या कोल्हापुरात महापालिकेच्या चाळीत भाड्याने एकट्या राहायच्या. मागच्या महिन्यात वारल्या. यजमान आधीच गेले, मूलबाळ नाही, मृत्युपत्र नाही. दिरांची दोन मुलं इचलकरंजीला असतात. किल्ली माझ्याकडे आहे. शेजारी म्हणतात, सामान घेऊन जा आणि खोली स्वतःच्या नावावर करून घ्या. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : शेजाऱ्यांच्या दोन्ही सल्ल्यांत गोम आहे. भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क मिळतो, ही तरतूद 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात आहे खरी. पण शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना हा कायदाच लागू नाही. तिथे चालतं ते खोली देताना महापालिकेनं दिलेल्या वाटपपत्रातल्या अटींवर. शिवाय तुम्ही त्यांच्यासोबत राहतही नव्हता. ‘तोवर कुणीतरी राहू दे’ म्हणून पाहुणा घुसवलात तर तो अनधिकृत ठरेल आणि नोटीस येईल.

सामानाचंही तसंच. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातल्या कलम 15 प्रमाणे मूलबाळ नसलेल्या विधवेची मालमत्ता आधी पतीच्या वारसांकडे जाते. माहेरच्यांचा नंबर त्यांच्यानंतर. फक्त आई-वडिलांकडून वारशाने आलेलं तेवढं वडिलांच्या वारसांकडे परत येतं. म्हणजे दिरांच्या मुलांना विचारल्याशिवाय हंडासुद्धा हलवू नका. त्यांना बोलवा, दोन शेजारी पंच घ्या, कुलूप उघडण्याआधीच मोबाइलवर चित्रण सुरू करा आणि यादी करून सगळ्यांच्या सह्या घ्या. यादीत ‘दागिने’ एवढंच लिहून भागत नाही. नग आणि वजन लिहा. वजन गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर करून घ्या. भांडणं बहुतेक एखाद्या पुतळीवरूनच पेटतात.

पहिला हात कागदांना. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, आणि ती जिथे मृत्यू झाला तिथेच होते. शहरातल्या सीपीआर रुग्णालयात गेल्या असतील तर महापालिकेत, गावी गेल्या असतील तर ग्रामपंचायतीत. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढा. मग वाटपपत्र, भाडेपावत्या, वीजबिल, गॅसचं पुस्तक, पासबुकं, रेशनकार्ड एका पिशवीत घालून ती पिशवी त्याच दिवशी खोलीबाहेर काढा. रद्दीवाला आला की हेच कागद आधी जातात.

एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरात पैसाअडका कपाटात कमी आणि भलतीकडेच जास्त सापडतो. तांदळाचे, डाळीचे डबे परातीत ओतून बघा. साड्यांची प्रत्येक घडी उलगडा, उशांचे अभ्रे काढा, वाकळेची जाड लागणारी कड चाचपा, देव्हाऱ्याखालचा कागद उचला. लोखंडी तिजोरीतल्या लॉकरचा खण पूर्ण बाहेर ओढून घ्या; बऱ्याच तिजोऱ्यांत त्यामागे किंवा खाली चोरकप्पा असतो आणि तो न बघताच तिजोरी भंगारात जाते. देवांचे टाक मोडीत घालण्याआधी सासरच्या थोरल्या घराला विचारा, बहुधा ते तिकडेच जातात.

तांब्या-पितळेची मोड वेगवेगळी तोला, दोन ठिकाणी दर विचारा. बंबाची लोखंडी जाळी आधी काढा, नाहीतर वजनातली घट अंदाजानं धरली जाते आणि अंदाज कधीच तुमच्या बाजूचा नसतो. चांगल्या साड्या बोहारणीला देण्याआधी नात्यातल्या बायकांना विचारा. औषधं मोरीत ओतू नका. इन्शुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण घट्ट लावून घंटागाडीवाल्याला सांगून वेगळ्या द्या.

गॅस आधी बंद करा. टाकी, रेग्युलेटर, पुस्तक आणि दाखला घेऊन एजन्सीत गेलात की जोडणीच्या व्हाउचरवरची अनामत वारसांना परत मिळते. उज्ज्वला योजनेचं कनेक्शन असेल तर अनामत भरलेलीच नसते, तेव्हा परतावाही नाही. वीज मात्र शेवटी. लोक आधी मीटर काढतात आणि मग माळा बॅटरीच्या उजेडात आवरत बसतात. वापर शून्य असला तरी स्थिर आकार लागतोच, म्हणून खोली झाली की रीडिंगचा फोटो काढून महावितरणकडे कायमस्वरूपी बंदचा अर्ज द्या. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळचं अनुदान चालू असेल तर तहसील कार्यालयाला लेखी कळवा. मृत्यूनंतर जमा झालेले हप्ते परत करावे लागतात, त्यामुळे आत्यांच्या एटीएम कार्डाला हात लावू नका.

आता खोलीचा ताबा. किल्ली शेजारी ठेवून किंवा शिपायाच्या हातात देऊन भाडं थांबत नाही; ताबा लेखी स्वीकारला जाईपर्यंत ते चढतच राहतं. इस्टेट विभागाला अर्ज करा : खोली क्रमांक, भाडेकरूचं नाव, मृत्यूची तारीख, ताबा देण्याची तारीख, सोबत दाखला आणि शेवटची पावती. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. थकबाकी, पाणीपट्टी चुकती करून तसा दाखला मागा. खोली झाडून, खिळे-फळ्या काढून मोकळ्या खोलीचे फोटो घ्या आणि पाहणीच्या वेळी स्वतः हजर राहा. नळाची तोटी, कडी-कोयंडा, काचा यांची नोंद तुमच्यासमोर झालेली बरी. ताबापावती मिळाल्याशिवाय शेवटची किल्ली सोडू नका.

प्रश्न : आईच्या पेटीत जुन्या पाचशेच्या 14 आणि दोन हजारांच्या 3 नोटा निघाल्या. चालतील का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : जुन्या पाचशेच्या नोटा नोव्हेंबर 2016 मध्येच बाद झाल्या, आता कुठेच बदलून मिळत नाहीत. उलट 2017 च्या कायद्यानं अशा बाद नोटा दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं दंडनीय आहे, म्हणून चौदाच्या चौदा जवळ ठेवू नका. दोन हजारांच्या नोटा मे 2023 मध्ये चलनातून मागे घेतल्या, पण त्या बाद नाहीत. गावातली बँक घेणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर किंवा नागपूर कार्यालयात ओळखपत्र आणि खात्याचा तपशील जोडून टपालानं पाठवल्या की रक्कम पाठवणाऱ्याच्या खात्यात जमा होते. ती कुणाच्या खात्यात घ्यायची, हे भावंडांनी आधी ठरवा.